दुसऱ्या आवृत्तीचं चौथं पान

बाई,

दुसऱ्या आवृत्तीची सगळी पानं लागली होती, फक्त चौथं पान कोरं होतं. प्रेसवाल्या शिंदेमामांचा फोन आला, "संग्राम, त्या पानावर काय टाकायचं ते एकदाचं सांग बाबा, काम अडलंय." मी म्हटलं, थोडं थांबा. तुम्हाला जाऊन तेव्हा अठरा दिवस झाले होते.

चौथं पान म्हणजे पुस्तकातलं कोणीच वाचत नाही ते पान. प्रकाशकाचा पत्ता, आवृत्ती, आणि पुस्तकाचे हक्क कोणाकडे ती एक ओळ. त्या एका ओळीवरून आपण दोघं वर्षभर भांडलो आणि भांडण अर्ध्यावर टाकून तुम्ही निघून गेलात. तुमच्याबद्दल या दिवसांत बऱ्याच जणांनी लिहिलं. शाळेत किती वर्षं शिकवलंत, निवृत्त झाल्यावर प्रकाशन कसं उभं केलंत, एकटीनं किती पुस्तकं काढलीत. ते मी लिहीत नाही. मला आपलं भांडण पुरं करायचंय. आता तुमची बाजूही मलाच मांडावी लागणार, आणि ती तुम्ही माझ्यापेक्षा फार चांगली मांडायचात, ही अडचण आहे.

मी पत्रकांवर वाढलो, हे तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला हसत सांगायचात. खरंच होतं ते. सातपूरच्या आमच्या घरात कपाटात कपडे कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. पहिल्या पाळीच्या आधी बाबा कंपनीच्या गेटवर ती वाटायचे, मी दप्तर पाठीला लावून त्यांच्याबरोबर. वाचायलाही मी त्या पत्रकांवरच शिकलो. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी बाबांची ठरलेली ओळ असायची, 'कोणीही छापावे, कोणीही वाटावे.' इतकी उदार ओळ मी नंतर कुठल्या पुस्तकात वाचली नाही. खाली लेखकाचं नाव नाही, वर किंमत नाही. ज्याच्या हातात पडलं त्याचं.

तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तोही पत्रकंच घेऊन. पेठ-सुरगाण्याहून दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला येणाऱ्या बायकांवर मी ती लिहिली होती. महात्मानगरच्या तुमच्या हॉलमध्ये सुतळीनं बांधलेला गठ्ठा टेबलावर आपटला. त्या वयात मला वस्तू हळू ठेवता येत नसत.

"हे काय?"

"पुस्तक काढायचंय."

"ही अकरा पत्रकं आहेत."

"एकत्र केली की पुस्तकच होईल ना."

"अकरा पोळ्या एकावर एक ठेवल्या की जेवण होतं का रे?"

मग तुम्ही चष्मा लावून पहिलं पत्रक वाचलंत. अख्खं. मी उभाच होतो, तुम्ही बस म्हणाला नव्हतात. वाचून झाल्यावर म्हणालात, "दर वाक्याला उद्गारचिन्ह. या बाया कुठायत यात? सगळीकडे तूच ओरडतोयस. त्या बागेत पेस्ट लावतायत आणि तू त्यांच्या कानाशी घोषणा देतोयस. जा, ऐकून ये."

मला इतका राग आला की जिना उतरताना मी मनातल्या मनात तुमच्याविरुद्ध पत्रक लिहायला घेतलं. घरी येईपर्यंत त्यातलं तिसरं वाक्य मलाच खोटं वाटायला लागलं. पुढच्या रविवारी पेठची एसटी धरली.

दोन वर्षं मी तिकडे जात राहिलो. सात बायकांशी बोललो, फोनवर रेकॉर्ड केलं, लिहून काढलं. त्यानंतर तुमच्या हॉलमधले ते शनिवार. आता आठवलं की वाटतं, माझं खरं कॉलेज तेच. तुमची पद्धत अशी की लेखकानं पुस्तक पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्यानं वाचायचं आणि तुम्ही समोर बसून ऐकायचं. हातांना काम हवं म्हणून पुढ्यात मटार, गवार, मेथी, जे असेल ते. मान खाली. मला वाटायचं लक्ष नाही. आणि मी एक वाक्य जरा सजवून म्हटलं की शेंग हातातच थांबायची.

"इथं तू आलास."

"कुठं?"

"मागच्या वाक्यात. तोवर ती बोलत होती. रेकॉर्डिंग लाव."

मी फोन लावायचो. त्यातून हिराबाईंचा खरबरीत आवाज यायचा. पेठजवळच्या त्यांच्या पाड्यावर कोंबड्या ओरडायच्या, मागे कोणीतरी भांडी घासत असायचं. छाटणीनंतर वेलीच्या काड्यांवर जी औषधाची पेस्ट लावतात तिच्याबद्दल त्या सांगत होत्या, "पेस्ट लावली का हात आपला ऱ्हात नाय. जेवताना बी तो दुसऱ्याचाच वाटतो." मी याच्यापुढे 'जणू भांडवलानं तिचे हातसुद्धा हिरावून घेतले होते' असं जोडलं होतं. तुम्ही ते ऐकलंत आणि निवडलेल्या मेथीकडे बघत म्हणालात, "तिनं एका वाक्यात संपवलं. तुला अजून भूक आहे का?" मी ती ओळ खोडली. अशा किती ओळी त्या हॉलमध्ये पडल्या असतील. तुमच्या भाजीच्या देठांबरोबर गेल्या बहुतेक.

आणि मग चौथं पान आलं. तुम्ही नेहमीप्रमाणे लिहिलं होतंत, सर्व हक्क लेखकाधीन. मी ते खोडून बाबांची ओळ लिहिली. तुम्ही कागद माझ्याकडे सरकवलात.

"हे पत्रक नाही, संग्राम."

"तुम्हीच सांगता ना, शब्द बायकांचे आहेत. मग हक्क माझे कसे?"

"तुझे नाहीत. पण कोणीतरी राखायला हवेत. दार सताड उघडं टाकून त्याला उदारपणा म्हणू नये."

"हे मालकीचंच बोलणं झालं, बाई."

"बरं, मालकी म्हण. त्या बायकांना विचारलंस का?"

यावर मी तुम्हाला वीस मिनिटं ऐकवलं. ज्ञान कुणाच्या बापाचं नसतं, लेखकांनीच पुस्तकांना कुंपणं घातली, पुस्तक लोकांपर्यंत पोचलं पाहिजे. भाषण चांगलं झालं होतं, बाबा असते तर खूश झाले असते. विचारलं नव्हतं, एवढं मात्र मी त्या वीस मिनिटांत म्हणालो नाही. तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "पुस्तक तुझं आहे. तुझ्या मनाप्रमाणे होईल." तसंच छापलंत. दुसरा कुठला प्रकाशक स्वतःला न पटलेली ओळ स्वतःच्या पुस्तकात छापतो हो? ज्यांच्याकडे मी आधी गेलो होतो, त्यांतल्या एकानं हस्तलिखित न उघडताच 'प्रती लेखकाने स्वतः उचलायच्या' असा छापील कागद पुढे केला होता. दुसऱ्यानं सुचवलं होतं की बायकांची भाषा जरा प्रमाण करून घ्या, वाचक वाढेल. तुम्ही भांडलात आणि छापलंत. त्याबद्दल आभार मानायचे राहिले. तेव्हा मला वाटलं होतं, मी जिंकलो.

पुस्तक विकायला आपण नांदगावच्या बाजारात गेलो होतो, ते मला फार आठवतं. दुकानं कादंबऱ्यासुद्धा परत पाठवतात, तर बाजारात काय वाईट, असं म्हणून तुम्ही निघालात. एका बाजूला लसणाचे ढीग, दुसऱ्या बाजूला चपलावाले चाचा. तुमची अट एकच, घ्यायच्या आधी एक पान वाचायचं. एक जण म्हणाला, "मावशी, वाचता आलं असतं तर मी हिथं पोती उचलत बसलो असतो का?" तुम्ही म्हणालात, "मग ऐका," आणि उभ्यानं हिराबाईंचं पान वाचायला लागलात. आठ-दहा माणसं जमली. लसूणवाली ओरडली, "ओ बाई, माझं गिऱ्हाईक अडवू नका!" आणि दोन मिनिटांनी तीच येऊन उभी राहिली. पान संपल्यावर चाचा म्हणाले, "ये तो हमारी आपा की बात है. वो भी ऐसेच हात देखते बैठती है." त्या दिवशी एकच पुस्तक गेलं, चाचांनी नेलं. आपाला वाचून दाखवतो म्हणाले. येताना गाडीत तुम्ही अशा खुशीत होतात की जणू पुस्तकांचा पेटारा रिकामा झाला होता. मी कुरकुरत होतो, "एक प्रत, बाई!" तुम्ही म्हणालात, "एक घर."

त्याच सुमारास पुस्तकाची पीडीएफ फिरायला लागली. साहित्यसेवा असल्या कुठल्याशा नावाच्या ग्रुपवर. खाली हात जोडल्याची चित्रं, 'उत्तम ठेवा, धन्यवाद सर.' तुम्ही मला फोन करून म्हणालात, "अभिनंदन. आपली सेवा झाली." मी हसलो. मला खरंच काही वाटलं नव्हतं. ओळीप्रमाणेच चाललं होतं सगळं, कोणीही वाटावे.

आता यापुढचं लिहायला जड जातं.

एका शनिवारी आलो तर भाजी नव्हती. टेबलावर एक गुळगुळीत पुस्तक होतं. कोणीतरी ऑनलाइन विकत होतं, तुम्ही मागवून घेतलं होतंत. वेगळं नाव, लेखक म्हणून कोणीतरी आपण कधी न ऐकलेलं. मुखपृष्ठावर एआयच्या यंत्रानं काढलेली एक गोरी, हसरी बाई, नथ घालून, डोक्यावर द्राक्षांची टोपली. आत आपलंच पुस्तक. पण यंत्रातून काढलेलं. तुम्ही खूण घातलेलं पान माझ्यासमोर धरलंत. तिथं हिराबाई म्हणत होत्या, 'रासायनिक द्रव्याच्या सततच्या संपर्कामुळे माझ्या हातांची संवेदना कमी होत असे.' सातही बायका तशाच बोलत होत्या. सातही एकाच आवाजात, एखाद्या कार्यालयाच्या परिपत्रकासारख्या.

'मी सांगितलं होतं ना' असं तुम्ही म्हणाला नाहीत. हा तुमचा मोठेपणा होता. मी तेव्हा गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण मी म्हणालो, "मीच तर परवानगी दिलीय. आणि पोचतंय ना लोकांपर्यंत?"

"कोणाचं पोचतंय?"

एवढंच विचारलंत. आवाज चढवला नाहीत. मी चप्पल घालून निघून गेलो. नंतर एका वकील मित्रानं सांगितलं की लढता येईल, परवानगी छापायची होती, बदलायची नव्हती. मी त्यालाही लांबण लावलं, कारण नोटीस पाठवायची म्हणजे आधी तुमच्याकडे येऊन चूक कबूल करायची. सगळ्या व्यवस्थेशी भांडायला मला कधी भीती वाटली नाही, बाई. तुमच्या जिन्याच्या बारा पायऱ्या चढायची वाटली. आज ज्याला त्याला मी सांगत फिरतो की बड्या कंपन्या लेखकाला न विचारता त्याची पुस्तकं यंत्राला खाऊ घालतायत, ही चोरी आहे. आहेच. पण माझ्या पुस्तकाच्या बाबतीत घराची किल्ली मीच दारात ठेवली होती, आणि घर माझं नव्हतं.

दोन महिने आलो नाही. आलो तो थेट हॉस्पिटलमध्ये. नाकात नळी, तरी तुम्ही शेजारच्या कॉटवरच्या मुलीचा निबंध तपासत होतात. मी कॅन्टीनच्या चहाला नावं ठेवली, तुम्ही डॉक्टरांच्या अक्षराला. पाऊण तास आपण दोघांनी सगळ्या जगाबद्दल बोलून घेतलं. निघताना तुम्ही विचारलंत, "पेठला गेलास का?"

"जाणार आहे."

"मी काय म्हणते ते सोड. त्यांना जाऊन सांग, काय झालंय ते."

तुमचं बरोबर होतं, हे तीन शब्द माझ्या तोंडाशी आले होते. तेवढ्यात सिस्टर आली, भेटायची वेळ संपली म्हणाली. मला तिचा आधारच वाटला, हे आज कबूल करतो. म्हटलं, उद्या सांगू. उद्याचा फोन तुमच्या भाचीचा होता.

शिंदेमामांच्या त्या फोननंतरच्या रविवारी पेठला गेलो. दोन्ही पुस्तकं पिशवीत. कोटंबीचा घाट चढताना मनात माफीचं भाषण तयार करत होतो. सवय जात नाही. हिराबाई अंगणात भात वाळत घालत होत्या. त्यांची नात दहावीला आहे, तिच्याकडून मी आधी आपलं पान वाचून घेतलं, मग त्या दुसऱ्या पुस्तकातलं. दुसरं ऐकताना हिराबाई मान वाकडी करून बसल्या.

"ही कोन बाई हाय?"

"तुम्हीच."

"मी? लय शिकलेली दिसते." आणि हसल्या. नात पण हसली. मग एकदम थांबून म्हणाल्या, "न् माझा हात कुठं गेला त्याच्यातला?"

मी सगळं सांगितलं. ओळ काय होती, ती मी का घातली, तुम्ही का नको म्हणत होतात. त्यांनी भातावरून हात फिरवत ऐकलं.

"म्हनजे तू म्हनला, घ्या सगळ्यांनी. न् ती बाई म्हनली, राखून ठेवा."

"हो."

"आमचं बोलनं. देनारा तू कोन न् राखनारी ती कोन?"

बाई, आपण वर्षभर भांडलो. तुम्ही एकदाच विचारलंत, विचारलंस का, आणि मी भाषण दिलं. पण त्यानंतर तुम्हीही तो प्रश्न सोडून हक्क लेखकाकडे की सगळ्यांकडे, यावर माझ्याशी भांडत राहिलात. रागावू नका. ही एक गोष्ट तुमच्याही हातून सुटली. हिराबाईंच्या अंगणात हे लक्षात आलं आणि पहिल्यांदा वाटलं की हे तुम्हाला सांगायला पाहिजे, तुम्ही मोठ्यानं हसला असतात आणि म्हणाला असतात, "दोघंही नापास."

"आनि ती शालन कोन?" हिराबाईंनी विचारलं.

ओळखू येऊ नयेत म्हणून मी पुस्तकात सगळ्यांची नावं बदलली होती, पुस्तकातली शालन म्हणजे त्याच, हे समजावून सांगितलं.

"शालन माझी भावजय हाय! त्या वरल्या पाड्यावर ऱ्हाती. आख्ख्या गावाला सांगत फिरती, पुस्तकात मी हाय म्हनून. एक दिस पेस्ट नाय लावली तिनं जल्मात!"

नात खांबाला धरून हसायला लागली. मला हसावं की मातीत जावं कळेना.

"माझं नाव घाल," हिराबाई म्हणाल्या. "न् कोनाला छापायचं आसंल तं त्यानं इचारायचं. आमी नाय म्हननार नाय. पन इचारायचं."

मग तुमचं विचारलं. ती पानं वाचणारी बाई कशी आहे आता? मी सांगितलं. त्या बराच वेळ भात पसरत राहिल्या. म्हणाल्या, "मला बघितलं बी नव्हतं तिनं," आणि आत जाऊन चहा ठेवला.

राहिलेल्या सहाजणींना भेटायला अजून तीन खेपा झाल्या. तिघींनी खरं नाव घाल म्हटलं. दोघींनी नको म्हटलं, त्यांची नवी नावं या वेळी त्यांनीच निवडली, एकीनं तर सिनेमातल्या नटीचं घेतलं. सहावीनं सांगितलं, माझं सगळं काढून टाक, मालक अजून तोच आहे. तिची नऊ पानं पुस्तकातली सगळ्यात चांगली होती. ती मी वाचताना तुम्ही भाजी बाजूला ठेवली होतीत. काढली. मामा वैतागले, पानं परत लावावी लागली. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, हे ऐकून तुम्हाला माझी तब्येत बरी नाही असं वाटेल. वकिलाची नोटीसही गेली आहे. बायकांनी हो म्हटल्यावर.

चौथ्या पानावर आता सहाजणींची नावं आहेत, त्यांनी सांगितली तशी. खाली लिहिलंय की हे बोलणं त्यांचं आहे. छापायचं, वाचून दाखवायचं, दुसऱ्या भाषेत न्यायचं किंवा यंत्राला द्यायचं असेल तर आधी त्यांना विचारावं. तुम्ही म्हणाला असतात, "विचारायला पेठला कोण जाणारे?" मी म्हणालो असतो, ज्याला हवं तो जाईल. तुम्ही म्हणाला असतात, भाबडा आहेस. असेन. यावर अजून एक वर्ष भांडता आलं असतं, सुखानं.

त्याच पानावर मला तुमचं नाव घालायचं होतं. संपादन म्हणून. इतक्या लेखकांची पुस्तकं तुम्ही वाक्यावाक्याला कान लावून घडवलीत, पण एकावरही ते येऊ दिलं नाहीत. मी एकदा विषय काढला तर म्हणालात, बघू पुढच्या वेळी. काल मी ते टाइप केलं. सुंदर दिसत होतं, हिराबाईंच्या नावाखाली. तुमच्या भाचीला दाखवलं, तिचे डोळे भरून आले, ती म्हणाली, राहू दे ना, आत्या कुठं आता नको म्हणायला येणारे.

तेच तर, बाई. तुम्ही हो म्हणायलाही येणार नाही. मग तुमचं नाव काढलं आणि पान छापायला पाठवलं.